पूर्वपद आणि उत्तरपद : हौशी रेडिओतील संकेतनामाचा इतिहास

हौशी रेडिओचालकांच्या आंतरराष्ट्रीय नामसूचीत १९७५ पूर्वी एक नोंद आढळत असे : एसी३पीटी, पी. टी. नामग्याल, राजवाडा, गंगटोक, सिक्कीम. नोंद पाल्देन थोंडुप नामग्याल यांची आहे. १९६३ मध्ये ते सिक्कीमचे चोग्याल, म्हणजे राजे, झाले. नोंदीत मात्र राजपदाचा उल्लेख नाही. पत्त्यातला ‘राजवाडा’ हा एक शब्द सोडला, तर कोलंबोतल्या एखाद्या शाळामास्तराची किंवा ओसाकातल्या एखाद्या दुकानदाराची नोंद जशी असावी तशीच ही आहे. जगभरचे रेडिओचालक ज्या नावाची रात्र-रात्र वाट पाहत, ते नाव होते ‘एसी३पीटी’. त्यातील पहिले तीन वर्ण बोलणारा कुठून बोलतो हे सांगतात, शेवटचे दोन तो कोण आहे हे सांगतात.

व्याकरणाच्या परिभाषेत बोलायचे, तर संकेतनाम हा एक सामासिक शब्द आहे. त्याचे पूर्वपद राज्यसंस्था ठरवते, आणि तेही एकट्याने नव्हे, तर इतर राज्यसंस्थांशी करार करून. उत्तरपद माणूस काही प्रमाणात मागून घेतो, निदान मिळालेल्या अक्षरांना आपले करून घेतो. नेहमीच्या दिवसांत हा सांधा कोणाच्या लक्षातही येत नाही. तो निखळतो किंवा त्यावर ताण येतो, तेव्हा मात्र नाव देण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न उघडा पडतो. साहित्याच्या अभ्यासात नावाचा विचार प्रामुख्याने टोपणनाव, तखल्लुस आणि संतकाव्यातील नाममुद्रा यांच्या अनुषंगाने झाला आहे. संकेतनाम हा त्याच कुळातला, परंतु परवान्याच्या कागदावर जन्मलेला प्रकार आहे.

पूर्वपदाचा इतिहास आधी पाहणे सोयीचे ठरेल. बिनतारी संदेशवहनाच्या आरंभकाळात प्रेषणकेंद्रे स्वतःच स्वतःला नाव देत. हायरम पर्सी मॅक्सिम हे अमेरिकेतील हौशी रेडिओ चळवळीचे एक प्रवर्तक. त्यांचे आरंभीचे संकेतनाम एसएनवाय असे होते आणि त्यात देशाची खूण नव्हती. १९१२ च्या लंडन परिषदेनंतर अक्षरांचे गट देशोदेशी वाटून देण्याची पद्धत स्थिरावू लागली. ती जहाजे आणि किनाऱ्यावरची केंद्रे यांच्यासाठी होती. हौशी मंडळी या वाटणीच्या बाहेरच राहिली. त्यांना त्यांच्या त्यांच्या देशात एक आकडा आणि दोन-तीन अक्षरे मिळत. भारतातील पहिले हौशी रेडिओचालक म्हणून ज्यांची नोंद आहे, त्या अमरेंद्रचंद्र गुप्तू यांना १९२१ मध्ये मिळालेले संकेतनाम होते २जेके. त्याच वर्षी मुकुल बोस यांना २एचक्यू मिळाले. या दोन्ही नावांत धारकाच्या नावाची आद्याक्षरे नाहीत. उत्तरपदही तेव्हा वरूनच येत होते, असा त्याचा अर्थ. भारताची खूण तर दोहोंतही नाही.

त्या वेळी ती नसल्याने काही अडत नव्हते, कारण आवाज देशाच्या सीमेपलीकडे जाईल ही अपेक्षाच नव्हती. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधील नीस येथील लेओं द्लुआ (८एबी) आणि अमेरिकेतील फ्रेड श्नेल (१एमओ) यांनी लघुलहरींवर अटलांटिकच्या आरपार परस्परसंवाद साधला, आणि नावांचा घोळ सुरू झाला. एकच आकडा आणि तीच दोन अक्षरे दोन-तीन देशांत एकाच वेळी नांदत होती. १९२५ मध्ये पॅरिस येथे हौशी रेडिओचालकांचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला. या संघाच्या काळात संकेतनामाआधी खंड आणि देश सांगणारी दोन अक्षरे लावण्याची रीत पडली : अमेरिकेसाठी ‘एनयू’, ब्रिटनसाठी ‘ईजी’, फ्रान्ससाठी ‘ईएफ’. ही अक्षरे कोणत्याही सरकारने दिलेली नव्हती. जगाचा एक नकाशा हौशी माणसांनी आपापसांत काढला होता आणि तो काही काळ चाललाही. या छोट्या स्वायत्त कालखंडाकडे इतिहासकारांचे फारसे लक्ष गेलेले नाही.

१९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेने तो नकाशा गुंडाळला. प्रत्येक देशाला वर्णमालेचा एकेक पट्टा मिळाला आणि हौशी संकेतनामांनाही तो लागू झाला. मॅक्सिम यांचे नंतरचे संकेतनाम १एडब्ल्यू होते, ते १९२८ मध्ये डब्ल्यू१एडब्ल्यू झाले. हिंदुस्थानाच्या वाट्याला ‘व्हीटी’ ते ‘व्हीडब्ल्यू’ हा पट्टा आला. १९२९ पासून येथील हौशी रेडिओचालक ‘व्हीयू’ झाले आणि विमानांच्या शेपटीवर ‘व्हीटी’ आले. हे व्हीटी म्हणजे ‘व्हाइसरॉयचा मुलूख’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे, अशी एक व्युत्पत्ती लोकप्रिय आहे, आणि तिच्या आधारे ही अक्षरे बदलावीत अशी मागणी वेळोवेळी होते. ही लोकव्युत्पत्ती आहे. कॅनडाचे व्हीई, ऑस्ट्रेलियाचे व्हीके, न्यूफाउंडलंडचे व्हीओ आणि हिंदुस्थानचे व्हीयू ही सगळी एकाच पट्ट्याची तुकडेवाटणी होती. त्यात व्हाइसरॉय शोधणे व्यर्थ आहे, साम्राज्य मात्र स्वच्छ दिसते. लोकव्युत्पत्ती अक्षरांबाबत चुकते, पण ज्याची बोच तिला जाणवते ती गोष्ट खोटी नसते. शेजारच्या सिलोनने स्वातंत्र्यानंतर व्हीएस७ सोडून ४एस७ घेतले. भारताने व्हीयू ठेवले. नव्या तक्त्यात भारताला ‘एटी’ ते ‘एडब्ल्यू’ हा आणखी एक पट्टा आहे, आणि त्याला लागूनच आधी ‘एपी’ ते ‘एएस’ हा पट्टा पाकिस्तानचा आहे. फाळणीची सीमा वर्णमालेतही अशी आखलेली आहे. एरवी व्हीयू वापरणारा भारतीय रेडिओचालक एखाद्या विशेष प्रसंगी परवानगीने ‘एटी’ किंवा ‘एयू’ लावतो. सणासुदीला ठेवणीतले वस्त्र काढावे तसा हा प्रकार आहे.

पूर्वपदातील आकड्याचाही एक वेगळा अर्थ आहे. अमेरिकेत तो मुळात प्रदेश सांगत असे : १ म्हणजे ईशान्येकडील न्यू इंग्लंड, ६ म्हणजे कॅलिफोर्निया. पुढे हा नियम सैल झाला, तरी कान अजून तसाच ऐकतो. भारतात अंदमान-निकोबार (४) आणि लक्षद्वीप (७) सोडले, तर आकडा प्रदेश सांगत नाही, श्रेणी सांगतो. २ हा वरच्या परीक्षेचा, ३ हा मर्यादित परवान्याचा. त्यामुळे भारतीय संकेतनाम ऐकताच बोलणारा मुंबईचा की गुवाहाटीचा हे कळत नाही, पण त्याची पायरी कळते. वरची परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्याला जुने नाव टाकून नवे घ्यावे लागते. जे नाव चार मित्रांच्या कानात रुजले ते प्रगतीची किंमत म्हणून द्यायचे, असा हा व्यवहार आहे. प्रदेशाऐवजी पायरी नोंदवण्याची ही निवड आपल्या समाजाविषयी काही सांगते काय, याचा विचार स्वतंत्रपणे व्हायला हवा.

उत्तरपदाकडे वळताच हवा बदलते. इथे आवडनिवड, हौस आणि थोडी विद्याही येते. सर्वांत सरळ मार्ग आद्याक्षरांचा. राजीव गांधी यांचे संकेतनाम व्हीयू२आरजी होते, सोनिया गांधी यांचे व्हीयू२एसओएन. जॉर्डनचे राजे हुसेन यांच्या जेवाय१ मध्ये उत्तरपदच नव्हते, राजाला त्याची गरज भासली नसावी. या तुलनेत गंगटोकच्या राजाने चारचौघांसारखी आद्याक्षरे लावावीत, ही गोष्ट लक्षात राहते. सगळीच अक्षरे मात्र मागता येत नाहीत. संकटसूचक संकेताशी, तसेच ‘क्यू’ने सुरू होणाऱ्या तीन अक्षरी व्यावसायिक संकेतांशी गल्लत होईल अशा जुळण्या आंतरराष्ट्रीय नियमांनी वर्ज्य केल्या आहेत.

आद्याक्षरांपेक्षा खोल विचार करणारा माणूस मोर्सचा विचार करतो. मोर्समध्ये नाव लिहिले जात नाही, ते वाजते. मराठी वाचकाला ही गोष्ट लघु-गुरूंच्या साहाय्याने सहज समजेल. टिंब हा लघू, रेघ हा गुरू मानला, तर ‘व्ही’ म्हणजे ललल गा, ‘यू’ म्हणजे ललगा, अर्थात शुद्ध सगण, आणि ‘२’ म्हणजे ललगा गागा. तिन्ही वर्ण दोन लघूंनी उठतात आणि गुरूवर टेकतात. भारतीय पूर्वपदाला अशी एक चढती चाल आहे आणि सरावलेला कान अक्षरे न मोजता ती चालच ओळखतो. फरक एवढाच, की आपल्या छंदःशास्त्रात गुरू दोन मात्रांचा असतो, मोर्समधील रेघ तीन टिंबांएवढी लांब असते. शिवाय मोर्समध्ये मौनही मोजलेले असते : वर्णातल्या खुणांमध्ये एक मात्रा, दोन वर्णांमध्ये तीन, दोन शब्दांमध्ये सात. यतीला इतके काटेकोर माप कोणत्याही वृत्तात नाही.

या मापाने नावांचे वजन काढता येते. ‘व्हीयू२’ला ३७ मात्रा लागतात. ‘ई, आय, एस’ या उत्तरपदाला १५ आणि ‘वाय, क्यू, जे’ला ४५. मिनिटाला १२ शब्द ही गती भारतात वरच्या श्रेणीच्या परीक्षेसाठी मागितली जात असे. या गतीत एक मात्रा सेकंदाचा दहावा भाग होते. म्हणजे पहिले उत्तरपद दीड सेकंदात संपते, दुसऱ्याला साडेचार सेकंद लागतात. दिवसातून शेकडो वेळा आपले नाव हाताने वाजवणाऱ्या माणसासाठी हा फरक आयुष्यभराचा असतो. पण हलके नाव निसटतेही लवकर : एस, एच आणि ५ यांत तीन, चार, पाच टिंबांचाच भेद आहे आणि क्षीण संदेशात एखादे टिंब सहज बुडते. व्ही आणि ४ यांचेही तसेच. जड नाव हात दुखवते, पण खड्ड्यात पडत नाही. म्हणून नाव निवडताना कोणी घाईचा विचार करतो, कोणी गोंगाटाचा. नादाचा विचार करून नाव घेणारेही असतातच.

बोलण्यात उत्तरपदाची आणखी एक परीक्षा होते. अक्षरे स्पष्ट कळावीत म्हणून प्रत्येक अक्षरासाठी ठरावीक शब्द आहे आणि ‘एम’साठी तो ‘माइक’ आहे. काठमांडूतील जेझुइट धर्मगुरू मार्शल मोरान यांनी १९५१ मध्ये गोदावरी येथे सेंट झेवियर्स शाळा सुरू केली. त्याआधी ते पाटण्यास होते. त्यांचे संकेतनाम ९एन१एमएम असे होते आणि त्यातील दोन एम ही त्यांचीच आद्याक्षरे. पण ‘माइक माइक’ म्हणण्याऐवजी ते ‘मिकी माउस’ म्हणत. नेपाळमधून बोलणारा दुसरा कोणी नसण्याचा काळ बराच लांबला आणि त्या काळात जगातील हजारो माणसांसाठी नेपाळचा आवाज हाच मिकी माउस होता. १९९२ मध्ये दिल्लीत त्यांचे निधन झाले. राज्यसंस्थेने दिलेली अक्षरे, त्यांवर आईवडिलांनी दिलेले नाव, त्यावर चित्रपटातील उंदीर, अशा तीन थरांचे हे नाव आहे.

टोपणनावाशी तुलना इथे स्वाभाविक आहे. केशवसुत म्हणजे केशवाचा मुलगा, कुसुमाग्रज म्हणजे कुसुमचा थोरला भाऊ. मराठीतील अनेक टोपणनावे स्वतःचे नाव झाकून नाते उघडे करतात. ती कोणाच्या परवानगीने घ्यावी लागत नाहीत आणि टाकतानाही अर्ज करावा लागत नाही. संकेतनाम झाकत नाही, त्याचे कामच उघड करणे हे आहे. जवळचे साम्य दिसते ते अभंगातील नाममुद्रेशी. ती अखेरीस येते आणि आधीचे सर्व बोलणे कोणाचे याची ग्वाही देते. भारतीय नियमांनुसार संकेतनाम प्रेषणाच्या आरंभी आणि अखेरीस द्यावे लागते आणि बोलणे लांबले तर दर दहा मिनिटांनी पुन्हा द्यावे लागते. संतांची मुद्रा श्रद्धेने लागते, ही कायद्याने. दोन्हींत नाव गाळले तर बोलणे बेवारस होते. तुलना याहून पुढे ताणू नये. नाममुद्रा दुसऱ्याने लावली तर प्रक्षिप्त अभंग तयार होतो आणि संशोधकाला काम मिळते. दुसऱ्याचे संकेतनाम लावले, तर तो अपराध होतो.

आता बोलण्यात असते काय, हे पाहिले पाहिजे. आंतरराष्ट्रीय नियमांनी हौशी रेडिओवर दोनच प्रकारच्या मजकुराला दीर्घकाळ मुभा दिली होती : प्रयोगासंबंधीचा तांत्रिक मजकूर आणि सार्वजनिक तारसेवेचा खर्च करावा इतके महत्त्व नसलेल्या खाजगी गोष्टी. म्हणजे क्षुल्लकता ही अट होती. महत्त्वाचे बोलायचे तर पैसे भरून तार करायची, फुकट बोलायचे तर बिनमहत्त्वाचे. एखाद्या वाङ्मयप्रकाराला कायद्यानेच क्षुल्लक राहण्याची सक्ती केल्याचे दुसरे उदाहरण सहजासहजी सापडणार नाही. या सक्तीतून जो संवाद घडला त्यात नाव, गाव, हवा, यंत्र आणि आवाजाची प्रत एवढेच उरले. स्पर्धांमध्ये तर प्रतही उरली नाही. ऐकू येवो वा न येवो, प्रत्येकाला ‘५९९’ हाच उत्कृष्टतेचा आकडा दिला जातो. उरते ते केवळ नाव. दुर्मीळ ठिकाणचा आवाज ऐकू आला की शेकडो केंद्रे एकाच वेळी आपापले संकेतनाम, आणि फक्त संकेतनाम, पाठवू लागतात. ऐकणाऱ्याच्या कानी नावांचा एक ढीग येतो आणि त्यातून तो एकेक नाव उचलतो. ब्रोनिस्लाव मॅलिनोव्स्की यांनी १९२३ मध्ये केवळ संबंध राखण्यासाठी होणाऱ्या बोलण्याचा विचार मांडला. रोमान याकबसन यांनी १९६० मध्ये त्याला भाषेच्या कार्यांत स्थान दिले. त्या कार्याचे इतके निर्भेळ रूप त्यांच्या उदाहरणांतही नसेल. एका दृष्टीने हे नामस्मरणच आहे, मात्र प्रत्येक जण इथे स्वतःचे नाव घेतो.

या संवादाची लेखी बाजू म्हणजे संपर्काची खातरजमा करणारे पत्रक, ज्याला ‘क्यूएसएल कार्ड’ म्हणतात. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर संकेतनाम मोठ्या अक्षरांत, आणि धारकाचे खरे नाव कोपऱ्यात बारीक असते. घरात, गल्लीत, कचेरीत ज्या नावाने माणूस ओळखला जातो ते इथे तळटीप होते. स्त्रियांच्या बाबतीत ही उलटापालट अधिक बोलकी आहे. महाराष्ट्रात विवाहानंतर स्त्रीचे आडनाव बदलते, कित्येक घरांत पहिले नावही बदलण्याची रीत होती. संकेतनाम मात्र परवान्याबरोबर येते, लग्नाने बदलत नाही. त्याच जगात पुरुषाला, मग तो सोळा वर्षांचा असो, ‘म्हातारबा’ या अर्थाने ‘ओएम’ म्हणतात, स्त्रीला कोणत्याही वयात ‘तरुणी’ या अर्थाने ‘वायएल’ म्हणतात आणि पत्नीचा उल्लेख ‘माजी तरुणी’ या अर्थाने ‘एक्सवायएल’ असा होतो. संकेतनामाने दिलेले स्वातंत्र्य भाषेच्या थट्टेने असे काहीसे परत घेतले आहे.

क्षुल्लकतेचा करार कधी कधी मोडला आहे, आणि तो मोडला की संकेतनामाच्या सांध्यावर भार येतो. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातील हौशी रेडिओचालकांना प्रेषकयंत्रे पोलिसांच्या हवाली करण्याचा हुकूम दिला. हवा रिकामी झाली. १९४२ च्या ‘भारत छोडो’ आंदोलनात मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘काँग्रेस रेडिओ’ हे गुप्त केंद्र चालवले. त्याच्या यंत्राची उभारणी करणाऱ्या नरिमन प्रिंटर यांचे नाव युद्धापूर्वी व्हीयू२एफयू या संकेतनामाशी जोडलेले होते. केंद्र ४२.३४ मीटर तरंगलांबीवर बोलत असे. म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ. हा आकडा हौशी रेडिओच्या ४० मीटरच्या पट्ट्यात पडतो. ज्या पट्ट्यातून सरकारने हौशी माणसांना हाकलले होते, त्यातूनच हा आवाज उठला.

प्रसारणाच्या आरंभी केंद्र आपली ओळख देई. नाव, तरंगलांबी आणि पत्ता म्हणून भारतातील ‘कुठून तरी’, अशी ती ओळख होती. संकेतनामाचे सगळे अवयव इथे आहेत, फक्त त्यांचा अर्थ उलटा झाला आहे. ‘व्हीयू’ नाही, कारण ते देणाऱ्याचा अधिकारच या केंद्राला मान्य नव्हता. त्याच्या जागी संपूर्ण देशाचे नाव आहे. उत्तरपदी माणूस नाही, कारण माणूस सापडता कामा नये. ठिकाण सांगण्यासाठी जन्मलेला प्रकार इथे ठिकाण लपवण्यासाठी वापरला गेला, तरीही ओळख गाळली गेली नाही. बिननावाचे प्रसारण कोणी खरे मानले नसते. केंद्राची जागा वारंवार बदलत होती. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी छापा घातला. एका तंत्रज्ञाची फितुरी त्याला कारण झाली, असे उषा मेहता यांनी पुढे सांगितले. त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली आणि ती त्यांनी येरवड्यास भोगली.

हिमालयात दुसऱ्या प्रकारची कहाणी घडली. ल्हासाच्या सरकारने नोकरीस ठेवलेले ब्रिटिश बिनतारीचालक रॉबर्ट फोर्ड एसी४आरएफ या नावाने चामदोहून बोलत. आर आणि एफ ही त्यांचीच आद्याक्षरे. एसी४ म्हणजे तिबेट, असे जगभरचे रेडिओचालक समजून चालत. ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी सैन्याने चामदो घेतले आणि फोर्ड पकडले गेले. हेरगिरीचा आरोप झाला आणि सुटकेला १९५५ उजाडले. क्षुल्लक बोलण्याची हौस असलेल्या माणसाच्या क्षुल्लकतेवर तुरुंगाधिकाऱ्याने विश्वास ठेवावा, असे त्याच्याजवळ दाखवण्यासारखे काही नसते.

सिक्कीम १९५० च्या तहाने भारताच्या संरक्षणाखाली होते. पण हवेत ते ‘एसी३’ होते, व्हीयू नव्हते. जे वेगळेपण मुत्सद्द्यांना वाक्यावाक्याला जपून मांडावे लागे, ते तीन वर्ण दर दहा मिनिटांनी सहज उच्चारत. ९ एप्रिल १९७५ रोजी भारतीय सैन्याने राजवाड्याच्या रक्षकांना निःशस्त्र केले. त्या दिवसांत राजवाड्यातील हौशी रेडिओवरून बाहेर संदेश गेला, असे या काळावर लिहिणाऱ्यांनी नोंदवले आहे. १४ एप्रिलला सार्वमत झाले, १६ मे रोजी सिक्कीम भारताचे राज्य झाले. विलीनीकरण योग्य की अयोग्य, हा वाद इथे सोडवायचा नाही. संकेतनामाच्या दृष्टीने जे झाले ते असे : पीटी उरले, एसी३ गेले. चोग्याल १९८२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वारले. ‘एसी’ ही अक्षरे आंतरराष्ट्रीय तक्त्यात अमेरिकेच्या पट्ट्यात मोडतात. त्यामुळे आज एसी३ ऐकू आले, तर बोलणारा बहुधा पेन्सिल्व्हेनिया किंवा मेरिलंडचा असतो.

अमेरिकन हौशी संघटना किती ‘देशां’शी संपर्क साधला याची जी यादी ठेवते, तिच्या शेवटी वगळलेल्या नावांचा एक भाग आहे. भारतीय उपखंडाच्या राजकीय इतिहासाचे ते एक अनपेक्षित साधन आहे. त्यात फ्रेंच हिंदुस्थान (एफएन८) आहे : ३१ ऑक्टोबर १९५४ पर्यंतचे संपर्क ग्राह्य. गोवा (सीआर८) आहे, आणि दमण-दीव त्याच पूर्वपदासह पण वेगळा ‘देश’ म्हणून आहेत : ३१ डिसेंबर १९६१ पर्यंत. सिक्कीम आहे : ३० एप्रिल १९७५ पर्यंत. पुदुच्चेरीची तारीख हस्तांतराशी जुळते. गोव्याला मात्र यादीने मुक्तिदिनानंतर बारा दिवस जादा दिले आणि सिक्कीमचे राज्य घटनेपेक्षा सोळा दिवस आधी मिटवले. वहीतल्या सोयीसाठी महिन्याअखेर धरली गेली असावी. गोव्याच्या इतिहासलेखनात पोर्तुगीज राजवटीची अखेर १९ डिसेंबर ही ठरलेली आहे. हवेतली अखेर वर्ष संपेपर्यंत लांबली.

अंदमान-निकोबारचे व्हीयू४ या उलट मार्गाने गेले. द्वीपसमूहातून हौशी रेडिओला परवानगी मिळणे अवघड असल्याने १९८७ नंतर ते पूर्वपद जवळजवळ मुके होते. जगातील सर्वाधिक हव्याशा पूर्वपदांत त्याची गणना होई. हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद (व्हीयू२आरबीआय) यांच्या नेतृत्वाखालील तुकडीला डिसेंबर २००४ मध्ये परवानगी मिळाली आणि पोर्ट ब्लेअरहून व्हीयू४आरबीआय हे संकेतनाम हवेत आले. पुढचे तीन आठवडे तेच झाले जे अशा वेळी होते : नावांचे ढीग, एकेक नाव उचलणे, ५९९. उत्तरपद तेच ठेवून फक्त आकडा बदलला होता, त्यामुळे जगातील जाणत्यांना बोलणारी व्यक्ती कोण हे सांगावे लागले नाही.

२६ डिसेंबरच्या सकाळी भूकंप झाला आणि पाठोपाठ त्सुनामी. दूरध्वनी बंद पडले. ज्या संकेतनामावर तीन आठवडे केवळ नावे गोळा झाली होती, त्याच केंद्राने मुख्य भूमीशी संपर्क साधून वार्ता पोचवायला आरंभ केला. तुकडीतील एक सदस्य कार निकोबारला गेला आणि तिथूनही आवाज येऊ लागला. बेपत्ता माणसांविषयीच्या चौकशा आणि जिवंत असल्याचे निरोप यांचा ओघ सुरू झाला. हाही नावांचाच ढीग होता. पण आता ती दुसऱ्यांची नावे होती, गावांसह, वडिलांच्या नावांसह, आणि प्रत्येक नाव पुन्हा पुन्हा विचारून लिहून घ्यावे लागत होते. वीस दिवस गोंगाटातून नाव अचूक उचलण्याची जी सवय झाली होती, तिचा उपयोग इथे झाला. जग मात्र व्हीयू४ला हाक मारण्याचे थांबले आणि वाट मोकळी ठेवून ऐकत राहिले.

संकेतनाम धारकाच्या पश्चात काय होते, याचीही एक रीत आहे. मृत रेडिओचालकाला ‘सायलेंट की’, म्हणजे मूक झालेली कळ, म्हणतात, आणि त्याची दोन अक्षरे ‘एसके’ ही संभाषण संपल्याच्या मोर्स खुणेशी जुळतात. मॅक्सिम १९३६ मध्ये वारले. त्यांचे डब्ल्यू१एडब्ल्यू त्यांनीच स्थापलेल्या अमेरिकन संघटनेच्या केंद्राला स्मृती म्हणून मिळाले आणि कनेक्टिकटमधील न्यूइंग्टनहून ते आजही प्रक्षेपित होते. अमेरिकेत १९९६ पासून पसंतीचे संकेतनाम मागण्याची रीतसर योजना आहे. मृताचे नाव साधारणपणे दोन वर्षे कोणाला देत नाहीत, मात्र निकटच्या नातेवाइकाची संमती असेल तर त्याच्या मंडळाला ते आधी मिळू शकते. दोन वर्षांनंतर एखादा अनोळखी माणूस ते घेतो, आणि पहिल्याच रात्री कोणीतरी त्याला जुन्या नावाच्या जुन्या माणसाची हकिकत विचारतो.

राजे हुसेन १९९९ मध्ये वारले. डिसेंबर २०१८ मध्ये जॉर्डनने सोडलेल्या छोट्या उपग्रहाला जेवाय१ सॅट हे नाव दिले गेले. तो अम्मानवरून गेला तसाच गंगटोकवरूनही गेला, आणि ज्यांना ऐकू आले त्यांनी वहीत तारीख, वेळ आणि संकेतनाम टिपून घेतले.